इतर परिस्थिती कायम राहिल्यास

मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे, ही गोष्ट मी सहसा चारचौघांत बोलत नाही. बोललो की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मग सध्या कुठले शेअर घ्यावेत?" मी म्हणतो, "मला त्यातलं काही कळत नाही." मग तो माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघतो, पायांतल्या चपलांकडे बघतो आणि माझं म्हणणं त्याला एकदम पटतं. डॉक्टरला लोक जीभ काढून दाखवतात, ज्योतिष्याला हात दाखवतात. अर्थशास्त्राच्या पदवीधराला आजवर कुणी आपलं पाकीट उघडून दाखवल्याचं ऐकिवात नाही.

पन्नास वर्षं हे गुपित मी बरं सांभाळलं होतं. ते फुटलं आमच्या मेव्हण्यांच्या नातीमुळे. मुलगी बारावी झाली आणि "मी इकॉनॉमिक्स घेणार" म्हणाली. त्या घरात इंजिनियर पैशाला पासरी. दोन डॉक्टर, एक सी. ए., लांबचा एक पायलटसुद्धा आहे; पण अर्थशास्त्राच्या वाटेला कधी कुणी गेलेलं नव्हतं. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "अहो, यांचं इकॉनॉमिक्सच झालेलं आहे!" यांचं अपेंडिक्स झालेलं आहे, हे ती ज्या सुरात सांगते, अगदी त्याच सुरात.

झालं. रविवारी सगळं कुटुंब आमच्याकडे. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि मुलीला माझ्यासमोर बसवण्यात आलं.

"आजोबा, इकॉनॉमिक्स केल्यावर पुढे काय होतं?"

"पेन्शन मिळतं," मी म्हणालो.

सगळे हसले. ती हसली नाही. "तसं नाही. म्हणजे, तुम्हाला नोकरीत त्याचा उपयोग काय झाला?"

गंमत बघा. हा प्रश्न मला बँकेच्या मुलाखतीत कुणी विचारला नाही, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारला नाही आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभातसुद्धा कुणाला सुचला नाही. मी तोंडातला वडा गिळला आणि "सांगतो हं," म्हणालो. सांगायला काहीच नव्हतं. म्हणून आता लिहितो आहे.

मी अर्थशास्त्र घेतलं ते त्याच्या नावाला भुलून. वडील म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. घरात चार भावंडं, वाड्यात दोन खोल्या. आर्ट्सला जाण्यापलीकडे माझ्या मार्कांना दुसरी वाट नव्हती. "मराठी घेतलंस तर माझ्यासारखा मास्तर होशील," वडील म्हणाले. "अर्थशास्त्र घे. निदान नावात तरी अर्थ आहे." तेवढं एकच वाक्य माझं करिअर गायडन्स.

पहिल्या तासाला सरांनी वहीत लिहायला सांगितलं, 'अर्थशास्त्राच्या व्याख्या'. अ‍ॅडम स्मिथची संपत्तीची व्याख्या, त्यावर टीका, मुद्दे पाच. मार्शलची कल्याणाची व्याख्या, त्यावर टीका, मुद्दे सहा. मग १९३२ सालची रॉबिन्सची व्याख्या. गरजा अनंत, साधनं मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग अनेक, असा तिचा सारांश. रॉबिन्सवर टीकेचे मुद्दे सात होते, म्हणून तो सगळ्यांत थोर. दिवाळीपर्यंत आम्ही अर्थशास्त्र म्हणजे काय, हेच लिहून घेत होतो. सरांच्या नोट्सचे कागद इतके पिवळे पडलेले, की पान उलटताना ते एका हाताने वरचा पंखा बंद करायचे.

त्यानंतर आला या शास्त्राचा महामंत्र. 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास.' इतर परिस्थिती कायम राहिल्यास किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम राहिल्यास पुरवठा वाढतो. मंगलाष्टकांत 'सावधान' येत नाही इतक्या वेळा ते वाक्य आमच्या वहीत आलं. आणि हे आम्ही कधी लिहीत होतो? १९७२ साली. महाराष्ट्रात दुष्काळ, खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसं, रेशनवर लाल मिलो, रॉकेलला रांगा. मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे. कायम राहील अशी एकही परिस्थिती भोवताली शिल्लक नव्हती. वर्गात मात्र ती कायम होती. वडिलांना ते वाक्य भारी आवडलं. "काय रे," ते जेवताना विचारायचे, "इतर परिस्थिती कायम राहिल्यास तू पास होशील ना?"

घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम तर विचारू नका. माणूस एकामागून एक संत्री खात गेला की पुढच्या संत्र्याचं समाधान कमी कमी होत जातं. आता, एकामागून एक संत्री खाण्याची ज्याची ऐपत आहे असा माणूस आमच्या वर्गात नव्हता. पण ते असो. हा नियम अखिल मानवजातीला लागू आहे असं पुस्तक म्हणायचं. अपवाद फक्त तीन: मद्यपी, कंजूष आणि छंदिष्ट. आमच्या वाड्यात या तिघांखेरीज चौथ्या प्रकारचा माणूस राहत नव्हता.

शेवटच्या वर्षी फिलिप्सचा वक्र आला. आम्हाला फिलिप्स ठाऊक होता तो रेडिओचा. हा निराळा. याने १९५८ साली इंग्लंडचे आकडे मांडून दाखवलं होतं, की बेकारी वाढते तेव्हा मजुरीचे दर फारसे चढत नाहीत. त्यावरून लोकांनी काढलं, की महागाई आणि बेकारी यांचं सवतींसारखं आहे, एक आत आली की दुसरी बाहेर. हा वक्र मी परीक्षेत काढला १९७४ साली. त्या वर्षी देशात महागाई वाढण्याचा वेग २० टक्क्यांच्या वर गेला होता आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजपुढची रांग कोपरा वळून पलीकडच्या हॉटेलपर्यंत पोचली होती. दोन्ही सवती एकाच चुलीवर गुण्यागोविंदाने स्वयंपाक करत होत्या. पेपर देऊन मी त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. वक्र फारच सुबक आला होता. १५ पैकी १२.

आता कुणी म्हणेल, इंग्लंडातल्या शास्त्राने पुण्यातल्या रांगेची काळजी का करावी? तर हा प्रश्न आमच्याच गावात विचारून झालेला होता. १८९२ साली न्यायमूर्ती रानडे डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलले. पाश्चात्त्य अर्थशास्त्र ज्या गृहीतांवर उभं आहे ती इथल्या समाजाला लागू पडतातच असं नाही, हे त्यांनी त्या भाषणात मांडलं होतं. कोर्टातला माणूस, पुरावा कुठला मानायचा हे त्याला बरोबर कळत होतं. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिला, तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला. धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचीच पाहणी केली. माणसं कमावतात किती, राहतात कशी. तिचा पहिला भाग १९४५ साली छापला गेला. आणि १९७१ साली, म्हणजे मी कॉलेजात व्याख्या लिहून घेत असताना, दांडेकर आणि रथ यांनी देशातलं दारिद्र्य मोजून दाखवलं. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायचे तर खर्च किती येतो आणि तेवढाही किती जणांना परवडत नाही, असा साधा, स्वच्छ, अंगावर काटा आणणारा हिशेब.

हे गाडगीळ, दांडेकर, रथ ज्या गोखले संस्थेत काम करत होते ती आमच्या कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर. तीन वर्षांत आम्हाला तिकडे कुणी नेलं नाही. यांतल्या एकाचंही नाव आमच्या वहीत आलं नाही. आम्ही त्या रस्त्याने रोज जायचो, पण ते पुढच्या हॉटेलातल्या मिसळीसाठी. तिथे मात्र मागणीचा नियम लागू होता. पाच पैसे वाढले की आम्ही दोघांत एक घ्यायचो.

पदवीनंतर बँकेची परीक्षा दिली. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेलं, गावोगाव शाखा निघत होत्या, त्यांना कारकून हवे होते. परीक्षेत काळ-काम-वेगाची गणितं होती, इंग्रजी निबंध होता. अर्थशास्त्राचा एक शब्द नव्हता. मुलाखतीत तीन साहेब. एकाने विचारलं, "वडील काय करतात?" दुसऱ्याने विचारलं, "अक्षर कसं आहे?" तिसऱ्याला झोप लागली होती. बँका पतपैसा कसा निर्माण करतात, यावर मी आठ पानं पाठ करून गेलो होतो. ती तशीच परत आणली. अजून कुठेतरी आत असतील.

पहिल्याच आठवड्यात बचत खात्याचं लेजर जुळवायला दिलं. ६३ रुपयांचा फरक. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत मी बेरजा करतोय. ६३ चे ६२ होत नाहीत. आमचे हेडक्लार्क मॅट्रिक होते. कानावर पेन्सिल, तोंडात पान. ते मागे येऊन उभे राहिले.

"काय हो बी. ए. इकॉनॉमिक्स, नवाने भाग जातो का बघा."

"जातो. सात येतात."

"मग कुठंतरी आकडे उलटे पडलेत. सातचा फरक असलेली जोडी शोधा. १८ चे ८१ झाले असतील, नाहीतर २९ चे ९२."

दहा मिनिटांत सापडले. २९ चे ९२. मी त्यांच्याकडे सर आयझॅक न्यूटनकडे बघावं तसा बघत राहिलो. "फरकाला नवाने भाग गेला नाही तर त्याची निम्मी करा," ते म्हणाले. "निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडलेली असते. आणि निम्मीही सापडली नाही, तर घरी जा. उद्या सकाळी दिसते." तीन आठवड्यांत त्या माणसाने मला नोकरीसाठी तयार केलं. विद्यापीठाला तीन वर्षं लागली होती, आणि ती नेमकी कशासाठी, हे माझ्या अजून ध्यानात येत नव्हतं.

आता इथे संभाजी पार्कातल्या बाकावरचे आमचे मित्र भडकतात. ते निवृत्त प्राध्यापक आहेत. हे सगळं मी त्यांना एकदा सांगितलं तर काठी आपटून म्हणाले, "विद्यापीठ म्हणजे आय. टी. आय. नव्हे! लेजर जुळवायला शिकवणं आमचं काम नाही. आम्ही माणसाचं मन घडवतो."

कबूल. शंभर टक्के कबूल. लेजर शिकवायला हेडक्लार्क पुरे आहे. पण मन घडवलंत म्हणजे काय केलंत, ते तर सांगा! तीन वर्षांत 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न मला एकाही तासाला कुणी विचारला नाही. विचारलेला एकुलता एक प्रश्न म्हणजे 'मागे ऐकू येतंय का?' परीक्षेत 'टिपा लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'आकृतीच्या साहाय्याने विशद करा'. बाजारात जाऊन ये आणि काय दिसलं ते लिही, असं एकदा तरी म्हणायचं होतं. मंडई काय चंद्रावर होती?

या प्राध्यापकांच्या नेमका उलट माझा पुतण्या. तो आय. टी. त आहे. त्याचं म्हणणं, "काका, प्रॉब्लेम सिलॅबसचा आहे. थिअरी कमी करायची, स्किल्स वाढवायची. एक्सेल, पायथॉन, प्रेझेंटेशन." तो हे इतक्या खात्रीने बोलतो की मला आमचे सर आठवतात. अरे, पण ही सगळी आजच्या काळातली 'नवाने भाग जातो का बघा'च आहेत ना! उत्तम आहेत, लागतात, तीन आठवडे नाहीतर तीन महिने द्या आणि शिकून घ्या. त्यासाठी अ‍ॅडम स्मिथपासून कशाला सुरुवात करायची? प्राध्यापक म्हणतात मन घडवा, पुतण्या म्हणतो हात घडवा. डोळ्यांचं नाव दोघेही काढत नाहीत.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं, असं समजून मी बरीच वर्षं कुढत होतो. मग २००८ साली जगातल्या बँका गडगडल्या, आणि त्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या असताना त्यांनी विचारलं, हे येताना कुणालाच कसं दिसलं नाही? म्हणजे आमच्या रॉबिन्ससाहेबांच्याच संस्थेत! २०११ साली हार्वर्डची काही मुलं अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातून निषेध म्हणून उठून गेली. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम बदला म्हणून मंडळच काढलं. वाचून मला फार बरं वाटलं. आम्हीही वर्गातून उठून जात असू, पण त्यामागे मिसळीखेरीज काही वैचारिक भूमिका असू शकते हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

खरं अर्थशास्त्र मला भेटलं ते काउंटरच्या पलीकडून. त्या काळी बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. (हा नियम पुढे २०१० साली गेला.) हे गणित आमच्या निम्म्या स्टाफला नीट सांगता येत नसे. पण आमच्याकडे येणारे पेन्शनर! ९ तारखेला भरणा करायला रांग, काढायचे ते सगळे १ ते ९ च्या आत, आणि ११ तारखेला बँकेत चिटपाखरू नाही. माणूस फायद्या-तोट्याचा विचार कसा करतो, यावर जगातल्या कुठल्याही पुस्तकात याहून चांगला धडा नसेल.

आणि मग १९८३ साली माझी बदली झाली सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका शाखेत. ग्रामीण विकासाच्या योजनेखाली गरिबांना म्हशींसाठी कर्ज द्यायचं होतं. अल्पभूधारकाला एक चतुर्थांश अनुदान, शेतमजुराला एक तृतीयांश, बाकीचं बँकेने द्यायचं आणि दरमहा हप्त्याने वसूल करायचं. एक मावशी होत्या, नवरा मुंबईला गिरणीत गेलेला. म्हैस घेतली, सहा-सात महिने हप्ते आले आणि थांबले. मी शिपायाला घेऊन वस्तीवर गेलो.

"मावशी, हप्ते का थांबवलेत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढा शिकलेला माणूस थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेने. मग म्हणाल्या, "सायेब, म्हस काय बारा म्हैनं दूध देती व्हय? चार-पाच म्हैनं भाकड ऱ्हाती. तुमचा हप्ता मातुर भाकड ऱ्हात न्हाई."

हे वाक्य ऐकून मी गारच पडलो. उत्पन्न येतं कधी आणि देणं द्यायचं कधी, एवढीच तर गोष्ट होती. दिल्लीपासून आमच्या शाखेपर्यंत त्या कागदावर सह्या करणाऱ्यांत माझ्यासारखे पदवीधर किती होते, कोण जाणे. पण म्हैस भाकड राहते, हे त्या हप्त्याच्या तक्त्यात कुठे नव्हतं. एकीपाठोपाठ दुसरी म्हैस वेळेवर मिळाली असती तर दोघींनी मिळून वर्ष ओढलं असतं. ती दुसरी आमच्याकडे कधी आलीच नाही.

"पण मग सावकाराचे कसे दिलेत? त्याचं व्याज तर आमच्या कितीतरी पट."

"त्येचं देयाच लागतं, सायेब. रातच्याला पोराला जुलाब सुरू झालं, तवा कुणाचं दार वाजवू? तुमची बँक धाला उघडती, दोनाला मिटती."

मी परत आलो आणि थकबाकीचा फॉर्म भरायला घेतला. 'थकबाकीचे कारण' या रकान्यात तीन पर्याय होते: नैसर्गिक आपत्ती, जनावराचा मृत्यू, हेतुपुरस्सर. भाकड म्हशीचा रकाना नव्हता. आपत्ती म्हणावी तर त्या वर्षी सरकारी दफ्तरात आपत्ती नव्हती. म्हैस तर जिवंत होती, मी स्वतः तिची शेपटी अंगावर खाऊन आलो होतो. मी 'हेतुपुरस्सर' वर खूण केली, खाली सही केली आणि फॉर्म वर पाठवून दिला. तिथून नोटीस गेली. पुढे शिपायाकडून कळलं, की मावशींनी घरातली तांब्याची भांडी मोडून हप्ते भरले. मी तेव्हा पुण्याला बदली करून घेण्याच्या खटपटीत होतो.

या एका बाबतीत मात्र विद्यापीठाला नावं ठेवायला जागा नाही. जे डोळ्यांनी बघितलं ते बाजूला ठेवून जे रकान्यात बसतं ते सुवाच्य अक्षरात लिहायचं, याचीच तर तीन वर्षं तालीम झाली होती. पुण्यात ६३ रुपयांचा फरक मला आठ तास सापडला नव्हता. हा फॉर्म मी दोन मिनिटांत भरला. कुठे अडखळलो नाही, शाई सांडली नाही. वरिष्ठांचा शेराही चांगला आला: 'काम नेटके.' कोण म्हणतं पदवीचा नोकरीत उपयोग होत नाही?

असो. बटाट्यांवरून आठवलं. बटाटेवडे नव्हेत, आयर्लंडचे बटाटे. मागणीच्या नियमाला एक अपवाद आमच्या पुस्तकात होता, गिफेनचा विरोधाभास. रॉबर्ट गिफेन नावाच्या माणसाचा हवाला देऊन मार्शलने तो मांडला. गरिबाच्या मुख्य अन्नाची किंमत वाढली तर तो ते कमी खात नाही, उलट जास्त खातो. कारण त्यावरच्या महागड्या वस्तू त्याला सोडाव्या लागतात आणि पोट तर भरायचं असतं. पुस्तकात उदाहरण आयर्लंडच्या दुष्काळातल्या बटाट्यांचं. मी ते १९७३ च्या परीक्षेत लिहिलं, आकृती काढली, १५ पैकी ११ मिळवले. आयर्लंड नकाशात दाखव म्हणाले असते तर हात थरथरला असता.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. त्यात तिच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. आमच्याच शाळेच्या वह्यांची उरलेली पानं दाभणाने शिवलेली. एक वही १९७२-७३ ची होती. सहज चाळायला घेतली. जोंधळे, १६ किलो. पुढच्या महिन्यात दर चढलेला, जोंधळे १७. दर आणखी वर, जोंधळे १९. त्याच्या खाली भाजीच्या ओळी विरळ होत गेलेल्या. दूध अर्ध्यावर. तुरीची डाळ आधी निम्मी, मग पाव. फळं म्हणून एकच नोंद, संकष्टीची केळी, तीही एका महिन्यात काट मारलेली. आणि दिवाळीनंतर दर सगळ्यांत वर गेलेला, त्या महिन्यात जोंधळे २१ किलो.

आम्ही भावंडं तेव्हा वाढीला लागलेलो. भाजी नाही म्हणून एक भाकरी जास्त मागायचो. "अरे, घे की," ती म्हणायची. "भाकरीला काय तोटा आहे?" त्या वहीवर, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच चाळीसच्या दिव्याखाली ती रात्री हिशेब लिहायची आणि मी आयर्लंडचे बटाटे पाठ करायचो. दोन वह्यांमध्ये हातभराचं अंतर होतं. मी एकदाही तिच्या वहीत डोकावलो नाही. डोकाव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगायला लागावं, हेच माझ्या शिक्षणाचं प्रगतिपुस्तक नाही का?

हे सगळं मी त्या मुलीला बोलून दाखवलं, तर तिने फोनवर काहीतरी शोधून माझ्यासमोर धरलं. आयर्लंडच्या बटाट्याचं ते उदाहरण पुढे संशोधकांनीच खोडून काढलंय म्हणे. आणि २००८ साली दोघा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा लेख आला. चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्तात दिला तर त्यांनी तांदूळ कमी घेतला, वरच्या पैशांत दुसरं काही खाल्लं. गिफेनचा माल प्रत्यक्षात सापडल्याचा तो पहिला भक्कम पुरावा मानतात. शंभरावर वर्षं जगभर शोधत होते.

"आजोबा," ती म्हणाली, "पणजीची वही मी घेऊन जाऊ?"

"अगं, तिच्यात काय आहे? वाण्याचा हिशेब."

"तेच बघायचंय."

पानं सुटी होऊ नयेत म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने नेली. जाताना विचारलं, "या पानावर 'उसने, शेजारी' लिहून पुढे तीन फुल्या आहेत. त्या कशाच्या?" मला माहीत नाही. माझी धाकटी बहीण सांगू शकेल कदाचित. तिला फोन लावायचा आहे.

मुलीने इकॉनॉमिक्सलाच प्रवेश घेतला. इंजिनियर, डॉक्टर, सी. ए. सगळे हताश. परवा कॉलेज सुरू झालं. संध्याकाळी मीच फोन केला, आपल्या अंगावर जबाबदारी आहे म्हणून.

"काय ग, पहिल्या तासाला काय झालं?"

"डेफिनिशन्स," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"तीन झाल्या. उद्या रॉबिन्सवरची टीका आहे."

"किती मुद्दे?"

"सात."